भोकं बुजवली आणि पाणी घरात आलं : वादळी पावसातल्या खिडक्या आणि दारं

फटफजिती

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

घर नवव्या मजल्यावर आणि हॉलची खिडकी बरोबर वाऱ्याच्या तोंडावर. अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी आहे, दोन ट्रॅकची, दोन वर्षांपूर्वी बसवलेली. चौकटीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाने तीन आडवी भोकं आहेत, करंगळीच्या नखाएवढी. वारा सुटला की त्यातून शिट्टी वाजायची, शिवाय मुंग्यांनी तिथून राजमार्ग केला होता. मागच्या महिन्यात सिलिकॉनची अर्धी ट्यूब उरली होती. खिडकीतून हात बाहेर काढून तिन्ही भोकं बुजवली (नवव्या मजल्यावर असले उद्योग करू नयेत हे मान्य) आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

परवा रात्री वादळी पाऊस झाला. अडीच वाजता पायाला गार लागलं म्हणून जाग आली, तर गादी भिजलेली. दिवा लावून बघते तो ट्रॅक काठोकाठ भरलाय आणि पाणी आतल्या काठावरून भिंतीवर ओघळतंय. उरलेली रात्र स्पंज आणि बादली.

खरं सांगायचं तर भोकं बुजवण्याआधीही जोराच्या पावसात थोडं पाणी यायचंच, पण त्याची तऱ्हा वेगळी होती. ट्रॅकमध्ये गुडगुड करून बुडबुडे यायचे आणि कारंज्यासारखं थुईथुई उडायचं.

तर प्रश्न असे. खिडकीच बदलावी का, आणि कुठली घ्यावी? वाऱ्याच्या झोतासरशी काच आतबाहेर होते, समोरच्या दिव्यांचं प्रतिबिंब चक्क हलताना दिसतं, ती फुटेल का? आणि बाल्कनीचं लाकडी दार दर पावसाळ्यात अडकतं, त्याचं काय करू?

आळशी_कासव

भोकं बुजवलीत? मोरीला बोळा घालून नळ सोडलात की तुम्ही!
हसतोय खरा, पण मीही हे केलंय. मी तर लांबी (पुट्टी) भरून वरून रंगही दिला होता.

ढाळ_आणि_वाट

ताई, आधी ब्लेड घ्या आणि सिलिकॉन काढा. आतून, खाली बसून. बाकीचं नंतर वाचा.

मी गेली बावीस वर्षं खिडक्या बनवतो आणि बसवतो. पहिली दहा वर्षं मलाही वाटायचं की चांगली खिडकी म्हणजे पाण्याचा थेंब आत न घेणारी. सरकत्या खिडकीत तसं होत नाही. पल्ला सरकायचा तर त्याच्या आणि चौकटीच्या मध्ये फट ठेवावीच लागते. त्या फटीत ब्रशची केसाळ पट्टी असते, तिने धूळ अडते, वारा थोडाफार अडतो, पाणी काही अडत नाही. पाणी ट्रॅकमध्ये येणार हे धरूनच सेक्शन (चौकटीची घडवलेली पट्टी) काढलेला असतो. आलेलं पाणी आतल्या ट्रॅकमधून बाहेरच्या ट्रॅकमध्ये जायचं आणि तिथून तुमच्या त्या तीन भोकांतून बाहेर. आम्ही त्यांना वीप होल म्हणतो. तुम्ही नेमकी तीच वाट बंद केलीत.

आता तुमच्या कारंज्याचं. वारा भिंतीवर आदळला की बाहेरचा दाब घरातल्या दाबापेक्षा वाढतो. भोकाच्या बाहेरून तो दाब पाण्याला मागे रेटत असतो. त्याला हरवून बाहेर पडायचं तर ट्रॅकमधल्या पाण्याला स्वतःच्या उंचीचा जोर लागतो. ढोबळ हिशेब लक्षात ठेवा, १०० पास्कलला (हे दाबाचं माप) १० मिमी पाणी. दाबाचा फरक ३०० पास्कल असेल तर ट्रॅकमध्ये ३० मिमी पाणी चढेपर्यंत बाहेर काही जात नाही. पाणी त्याहून कमी असेल तर वाराच भोकातून आत घुसतो आणि पाण्यातून बुडबुडे काढतो. तेच तुमचं गुडगुड. झोत ओसरला की साठलेलं पाणी भसकन बाहेर जातं. वादळात खिडकी अशीच श्वास घेतल्यासारखी भरते आणि रिकामी होते.

म्हणून सरकत्या खिडकीत बघायची गोष्ट एकच : ट्रॅकच्या तळापासून आतला काठ किती उंच आहे. दुकानात मांडलेल्या नमुन्यात लोक काच ठोकून बघतात, हँडल फिरवून बघतात, तो काठ कोणी मोजत नाही. काठ ठेंगणा ठेवला की ओलांडायला बरा आणि दिसायलाही छान, म्हणून तो ठेंगणाच मागितला जातो. पट्टी घ्या, मोजा आणि इथे सांगा.

फटफजिती

सिलिकॉन काढलं. एका भोकातून नुसतं सिलिकॉन, उरलेल्या दोहोंतून त्याच्यामागे गिलाव्याचा वाळलेला चुरा निघाला. म्हणजे ती दोन भोकं दोन वर्षं बंदच होती!

काठ २२ मिमी.

वारा_मोजणारा

२२ मिमी पाणी म्हणजे साधारण २१५ पास्कल. वाऱ्याचा दाब काढायचं सोपं सूत्र आहे, वेगाचा वर्ग गुणिले ०.६. वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्यायचा, उत्तर पास्कलमध्ये येतं. उलटा हिशेब केला तर १९ मीटर, म्हणजे ताशी ६८ किमीच्या आसपास. त्याहून जोराचा वारा पावसासकट थोडा वेळ टिकून राहिला तर भोकं कितीही स्वच्छ ठेवा, ही खिडकी ओसंडणारच. नवव्या मजल्यावर वादळात तेवढा वारा म्हणजे काही नवल नाही.

त्या सूत्रातला 'वर्ग' फार महत्त्वाचा आहे. सेकंदाला २० मीटर वाऱ्याला २४० पास्कल, ४० मीटरला ९६०. वेग दुप्पट, दाब चौपट. दीड मीटर उंच आणि सव्वा मीटर रुंद काचेवर ९६० पास्कल म्हणजे जवळजवळ १८० किलोचा भार. अडीच माणसं काचेवर आडवी झोपल्यासारखं, आणि तेही दर झोताला उठून पुन्हा झोपणार.

काच हलते म्हणून घाबरू नका. ती वाकणारच, वाकून भार कडांकडे पोचवणं हेच तिचं काम. चौकटीचा मधला उभा दांडा, जिथे दोन पल्ले एकमेकांना भेटतात, तो किती वाकतो याची मला जास्त काळजी वाटते. तो फार वाकला की ब्रशची पट्टी जागा सोडते, कडी सुटते, आणि मग पल्ला ट्रॅकमधून उचलला जातो. काच शाबूत आणि पल्ला हॉलमध्ये, हे मी पाहिलंय.

आणखी एक. वारा फक्त ढकलत नाही, ओढतोही. वाऱ्याच्या आडच्या आणि बाजूच्या भिंतींवर दाब बाहेरच्या दिशेने लागतो आणि इमारतीच्या कोपऱ्यांवर ही ओढ सगळ्यात जास्त असते. तुमची खिडकी कोपऱ्याजवळ असेल तर ती आत येण्याइतकीच बाहेर जाण्याचीही शक्यता धरा.

अनुभवी_पांथस्थ

एवढं गणित कशाला? आमच्याकडे वादळाचा इशारा आला की काचेवर चिकटपट्टीची फुली मारतो आणि वाऱ्याच्या पाठीमागची एक खिडकी किलकिली ठेवतो, म्हणजे आतबाहेरचा दाब सारखा होतो. आजवर एकही काच गेली नाही.

वारा_मोजणारा

काका, काच गेली नाही कारण तिच्यावर काही येऊन आदळलं नाही. फुलीने काचेची ताकद वाढत नाही. फुटली तर बारीक तुकड्यांऐवजी चिकटपट्टीने धरलेले मोठे, धारदार तुकडे उडतात. पुन्हा फुली मारून माणूस निर्धास्त होऊन तिथेच बसतो.

किलकिल्या खिडकीचं तर त्याहून वाईट. घर काही हवाबंद डबा नसतं, फटीफटींतून दाब तसाही बदलत असतो. खिडकी उघडी ठेवायची ती मागची, आणि तासाभरात वाऱ्याने दिशा बदलली की तीच पुढची होते. मग वारा थेट घरात. आत दाब वाढला की तो छपराला खालून वर उचलतो, तेव्हाच बाहेरचा वारा त्याला वरून ओढत असतो. दोन्ही एका दिशेला. घरं कोसळतात ती पुष्कळदा अशी, एका फुटलेल्या तावदानापासून किंवा गॅरेजच्या दारापासून सुरुवात होऊन.

१९७४च्या नाताळात ऑस्ट्रेलियातल्या डार्विनवर ट्रेसी चक्रीवादळ आलं, शहरातली बहुतेक घरं गेली. १९९२च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडात अँड्र्यू. दोन्हींनंतर तिथल्या लोकांनी बांधकामाचे नियम मुळातून बदलले. फ्लोरिडातल्या कसोटीत आता खिडकीवर सुमारे ४ किलो वजनाचा लाकडी वासा सेकंदाला १५ मीटर वेगाने तोफेतून मारतात. त्यानंतर त्याच तडकलेल्या खिडकीवर दाब आणि ओढ यांचे मिळून ९,००० हेलकावे देतात. काच तडकली तरी चालते, चौकट सोडून तिने जायचं नाही.

आळशी_कासव

तोफेतून वासा. हे काम मला मिळेल का?

फटफजिती

मग टफन्ड काच घेऊ का? सगळे तीच सांगतात.

वारा_मोजणारा

टफन्ड म्हणजे काच साधारण ६२० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटकन गार केलेली. बाहेरचा थर आधी आवळतो, आतला नंतर, त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो. ताकद साध्या काचेच्या चार-पाच पट. पण दोन गोष्टी दुकानदार सांगत नाही. एक, तिचा ताठपणा साध्या काचेइतकाच असतो, म्हणजे प्रतिबिंब तितकंच हलेल. दोन, फुटली की अख्खी फुटते, बारीक खड्यांचा ढीग होतो आणि खिडकीच्या जागी भोक. जखम कमी होईल हे खरं, पण वादळाला दार मोकळं.

उडत्या वस्तूंचं भय असेल तर लॅमिनेटेड. दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा पारदर्शक पापुद्रा. काच तडकते, पापुद्रा तिला धरून ठेवतो. ही कल्पना मुळात अपघाताची. १९०३ साली बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच माणसाच्या हातून प्रयोगशाळेतला चंबू पडला आणि फुटूनही अखंड राहिला, कारण आत वाळलेल्या द्रावणाचा थर होता.

मात्र लॅमिनेटेड काच नुसत्या रबराने बसवली तर तडकल्यावर चादरीसारखी घडी होऊन सेक्शनमधून निसटते. तिच्या कडा चौकटीला सिलिकॉनने नीट चिकटवलेल्या लागतात. इथे सिलिकॉन हवं. भोकांत नको.

अनुभवी_पांथस्थ

फुलीचं पटलं. खिडकीचं अजून पूर्ण पटलेलं नाही, पण या वेळी बंद ठेवून बघतो.

रंधा

दाराचं मी सांगतो. माझा छंद सुतारकामाचा आणि मी यात चांगला पोळलोय.

मागे एका पावसाळ्यात आमचं मागचं दार असंच अडकायला लागलं. रंधा मारला. आठ दिवसांनी पुन्हा अडकलं, पुन्हा रंधा. ऊन पडायला लागल्यावर दार इतकं आक्रसलं की फटीतून करंगळी जायची. चार महिने त्या फटीत कापडाची वळी कोंबून झोपलो.

लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. म्हणून जुन्या चांगल्या दारांत अख्खी फळी नसते. उभ्याआडव्या पट्ट्यांची चौकट आणि तिच्या खाचेत बसवलेलं दिलं, म्हणजे मधली पातळ फळी. दिलं खाचेत सुटं असतं, त्याला सरस लावायचा नाही. ते आतल्या आत फुगतं-आक्रसतं, दाराची रुंदी फारशी बदलत नाही. कोणी हौशी माणूस 'हलतंय' म्हणून त्यात खिळे ठोकतो आणि मग एक तर दिलं चिरतं किंवा सांधे उघडतात.

दुसरं. दार काढा आणि खालची कड बघा. दहातल्या नऊ दारांना तिथे रंगाचा हात लागलेलाच नसतो, कारण दार लावल्यावर तिथे ब्रश पोचत नाही. वरची कडही तशीच. उभ्या पट्ट्यांचे तंतू तिथे उघडे असतात आणि नळीने प्यायल्यासारखं पाणी पितात. सहाही बाजू रंगवा. खालची कड तीन हात. रंधा मारायचाच असेल तर कोरड्या दिवसांत, मोजून, आणि मारलेली कड त्याच दिवशी रंगवायची.

आधी हे मात्र तपासा : दार अडकतं कुठे? कडीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात किंवा खाली जमिनीला घासत असेल तर ते फुगलेलं नाही, लोंबलंय. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले असतील. लांब स्क्रू घाला, रंध्याला हात लावू नका.

अवांतर : बाल्कनीचं दार बाहेर उघडतं की आत? बाहेर उघडणारं असेल तर वारा त्याला चौकटीवर दाबतो, जितका जोर तितकं घट्ट. आत उघडणाऱ्या दारात सगळा भार कडी आणि बिजागऱ्यांवर. बर्फाच्या मुलखात मात्र उलटी सोय बरी पडते, बाहेर ढीग साचला तरी दार उघडता येतं.

फटफजिती

आत उघडतं. आणि अडकतं ते वर, कडीच्या बाजूला. म्हणजे लोंबलंय! मी तीन वर्षं पावसाला शिव्या घालतेय.

खारा_वारा

समुद्राकाठी राहतो म्हणून एक भर. आमच्याकडे खिडक्या वाऱ्याने जात नाहीत, स्क्रूने जातात. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत साधे पोलादी स्क्रू घातलेले असतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे छोटी बॅटरीच. सुरुवातीला गंजतो स्क्रू, आणि जिथे स्टेनलेसचा स्क्रू असतो तिथे त्याच्याभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. मध्ये नायलॉनचा वॉशर घातला तरी पुष्कळ फरक पडतो.

स्टेनलेस म्हटलं की ३०४ नंबरचं गळ्यात मारतात. किनाऱ्यावर ३१६ मागा, त्यात मॉलिब्डेनम असतं, मिठाला जास्त टिकतं. आमच्या एका बाहेर उघडणाऱ्या पल्ल्याचा सरकता बिजागर वरून अगदी चकचकीत होता. एके दिवशी सकाळी खिडकी उघडली आणि पल्ला माझ्या हातात. रिवेट आतून खाल्लेली. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी गोड्या पाण्याने बिजागऱ्या धुतो. घरचे हसतात.

बोरूबहाद्दर

यूपीव्हीसी (खिडक्यांचं कडक प्लॅस्टिक) की अ‍ॅल्युमिनियम, एका वाक्यात सांगा कोणीतरी. सगळीकडे वाचून डोकं फिरलंय.

ढाळ_आणि_वाट

एका वाक्यात सांगणारा बहुधा त्यातलं एकच विकत असतो :)

यूपीव्हीसीचे कोपरे तापवून वितळवून जोडतात, त्यामुळे तिथून गळत नाही. गंजत नाही, उष्णता कमी वाहतं. पण ते मऊ आहे. मोठ्या पल्ल्यात आत पोलादी नळी घातलेली असावी लागते आणि ती घातली आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. लोहचुंबक लावून बघा. शिवाय ते उन्हात फार वाढतं. दोन मीटरच्या पट्टीत ४० अंशांचा फरक पडला तर यूपीव्हीसी साडेपाच मिमीच्या आसपास हलतं, अ‍ॅल्युमिनियम दोन मिमीपेक्षा कमी, काच एक मिमीसुद्धा नाही. म्हणून काच सेक्शनमध्ये ठोकून घट्ट बसवायची नसते, खाली ठोकळे आणि चारी बाजूंना मोकळी जागा. गडद रंगाचं यूपीव्हीसी पश्चिमेला लावणाऱ्याला मी हात जोडतो.

अ‍ॅल्युमिनियम ताठ, बारीक सेक्शनमध्ये मोठी काच पेलतं. पण कोपरे स्क्रूने किंवा क्लीटने (आतून बसवलेल्या कोनाने) जुळवलेले, तिथे सीलंट भरायला कारागीर विसरला की गळती कायमची.

पण बोरूभाऊ, वादळी पावसाचा प्रश्न असेल तर वस्तू कुठली यापेक्षा उघडते कशी हे बघा. बिजागरीवर उघडणारी खिडकी, जिचं हँडल फिरवलं की तीन-चार ठिकाणी कड्या बसून पल्ला रबरावर आवळला जातो, ती घ्या. तिच्यातली युक्ती बघण्यासारखी आहे. रबराच्या दोन ओळी असतात, मध्ये पोकळी. बाहेरची ओळ मुद्दाम थोडी मोकळी, खाली भोकं, त्यामुळे वाऱ्याचा दाब पोकळीत शिरतो आणि पोकळीतला दाब बाहेरच्याइतकाच होतो. दाब सारखा झाला की पाण्याला आत रेटणारं काही उरत नाही, ते आपल्या वजनाने खाली भोकातून निघून जातं. हवा अडवायचं काम आतली ओळ करते आणि ती कोरडी असते. नॉर्वेच्या बिर्कलंड यांनी १९६२ साली आणि कॅनडाच्या गार्डन यांनी १९६३ साली भिंतींसाठी हे नीट मांडलं. आज चांगली खिडकी उघडून तिची कड बघितलीत तर तेच दिसेल.

लोक काय करतात? 'बाहेरचं रबर सैल आहे' म्हणून बाहेरून सगळीकडे सिलिकॉनची रेघ ओढतात.

दवबिंदू

थंड मुलखातून एक छोटी नोंद. आमच्याकडे पाणी बाहेरून येत नाही, आतच तयार होतं. खोलीत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर ९ अंशांच्या आसपासच्या किंवा त्याहून गार कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. बाहेर शून्य असताना एकेरी काचेची आतली बाजू ५ अंशांवर असते, दुहेरी काचेची १२-१३ वर. बस, एवढाच फरक, आणि त्यावर खिडकीखालची भिंत काळी पडणार की नाही ते ठरतं. अ‍ॅल्युमिनियम घेतलंत तर सेक्शनच्या मध्ये पॉलिअमाइडची (उष्णता अडवणाऱ्या प्लॅस्टिकची) पट्टी असलेलं घ्या, नाहीतर काच कोरडी आणि चौकट घामाघूम.

दोन काचांच्या मधोमध धुकं दिसलं तर पुसायचा प्रयत्न करू नका (मी केलाय, दोन्ही बाजूंनी). कडेचं सील गेलेलं असतं, काचजोडी बदलावी लागते.

छत्रीधर

खिडकीच्या वरच्या छज्जाकडेही बघा. खालच्या बाजूला काठापासून आत एक खाच असते. छज्जाच्या पोटाला चिकटून भिंतीकडे सरकणारं पाणी त्या खाचेशी येऊन टपकतं. आमच्या रंगवाल्याने ती लांबी भरून गुळगुळीत केली, वर म्हणाला 'फिनिशिंग बघा साहेब'. पुढच्याच पावसात खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात ओल.

आळशी_कासव

म्हणजे या धाग्यावर सगळ्यांनी मिळून भोकं आणि खाचाच बुजवल्यात.

फटफजिती

धागा वर काढतेय. काल पुन्हा तसाच पाऊस झाला, मी खुर्ची टाकून खिडकीशी बसले होते.

पाणी चढलं, १५ मिमीपर्यंत असेल. बुडबुडे आले. झोत गेला की सरसरून उतरलं. चार-पाच वेळा असं झालं, काठ ओलांडला नाही. वारा बेताचाच होता म्हणा. दाराच्या बिजागरीला लांब स्क्रू घातले, दार अडकत नाही.

पण खिडकीखाली उजव्या कोपऱ्यात भिंतीवर तळहाताएवढी ओल आलीये. वरून ओघळ नाही, रंगाच्या आतून फुगलाय. हे कुठून?

ढाळ_आणि_वाट

चौकटीचा खालचा कोपरा गळतोय, किंवा चौकट आणि कट्टा यांच्या मधली भेग. आधी कोपरा तपासू. कोरड्या दिवशी आतून भोकांवर टेप लावा. ट्रॅकमध्ये १० मिमी पाणी भरा. पेन्सिलने पातळीची खूण करा. वीस मिनिटं थांबा. खिडकी बसवताना हे प्रत्येकाने करायला हवं, करत कोणी नाही.

फटफजिती

केलं. वीस मिनिटांत ४ मिमी उतरलं. उजव्या कोपऱ्यात बारीक फट दिसतेय, कागद जाईल एवढी.

ढाळ_आणि_वाट

मग तेच. कोपरा पूर्ण कोरडा करा, हेअर ड्रायर चालेल. स्पिरिटने पुसा. फटीत पातळ, आपोआप शिरणारं सांध्यांचं सीलंट मिळतं ते घाला. जाड सिलिकॉन वरून थापलं तर पापुद्र्यासारखं निघेल. एक दिवस वाळू द्या, पुन्हा पाणी भरा. पातळी हलली नाही तरच भिंतीच्या रंगाला हात लावा, आणि भिंतही आधी पूर्ण वाळू दे.

पण एवढं लक्षात असू द्या की काठ २२चाच आहे. मोठ्या वादळात ओसंडेलच. त्या बाजूला गादी नको. खिडकी बदलाल तेव्हा बिजागरीची घ्या.

फटफजिती

काल सीलंट, आज चाचणी. पातळी पेन्सिलच्या खुणेवर तशीच आहे, तासभर बघत बसले.

आता शेवटचं. शिट्टी परत सुरू झालीये, आणि मुंग्याही. तिचं काय करू? बुजवणार नाही, शपथ.

ढाळ_आणि_वाट

भोकांवर लावायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या मिळतात, आत हलकं झाकण असतं. पाणी ढकललं की उघडतं, वारा आला की मिटतं. बाहेरून लावायच्या असतात, तेव्हा तुम्ही लावू नका. खिडकी बसवणाऱ्यालाच बोलवा. तोंड खाली राहील असं बघा.

फटफजिती

लावून घेतल्या. शिट्टी बंद. एक टोपी त्याने उलटी बसवली होती, तोंड आभाळाकडे. तो निघून जायच्या आत दिसली म्हणून बरं, लगेच सरळ करून घेतली.